लाल विहिरीची मेथी

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या चाळीसेक खेड्यांत महेबूब दारोगाला नावानं ओळखणारी माणसं थोडीच होती. सरकारी कागदावर तो सफाई दारोगा. बायाबापड्यांत मात्र त्याचं नाव पडलं होतं 'धुवायचं-राहिलंय-का साहेब'. विहिरीत लाल दवा टाकायला आला, की तो आधी काठावर उभा राहून चारी दिशांना हाळी द्यायचा, "बायांनो, कुणाचं काही धुवायचं राहिलंय का?" कुणी "हाव, राहिलंय" म्हटलं, की हातातली पुडी पुन्हा खिशात जायची आणि हा गडी काठावर मांडी घालून बसायचा. तास जावो, दोन तास जावोत. निजामाचं राज्य गेलं, नवे साहेब आले, त्यांना या सवयीचं हसू यायचं. एकानं तर विचारलं, "दारोगा, तुम्ही दवा टाकायला आलात की धोबीघाट चालवायला?" महेबूब नुसती मान डोलवायचा. त्या हाळीमागं मार्गशीर्ष अमावास्येची एक येळवस होती आणि सात माणसं होती, हे तो कुणाला सांगत नसे.

त्याचा बाप नांदेडात रंगारी होता. घराच्या मागं तीन मोठे हंडे, त्यांत लुगडी आणि पागोटी बुडायची. बापाचे हात कोपरापर्यंत कायम निळे नाहीतर लाल. तो पोराला सांगायचा, "रंग कहाँ कहाँ लगता, पैले देख. बाद में हंडे में हाथ डाल." पोरगं हुशार निघालं. मदरशात शिकलं, हैदराबादेत सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन आलं आणि सव्विसाव्या वर्षी खाकी कोट घालून कासारबोरीच्या भागात सफाई दारोगा झालं. काम असं: देवीचे टीके लावायचे, हैज्याची, म्हणजे पटकीची, सुई टोचायची, आणि साथीची चाहूल लागली की पिण्याच्या विहिरींत लाल दवा टाकायची. ती दवा म्हणजे जांभळट काळे दाणे. चिमूटभर बादलीत विरघळवले की पाणी डाळिंबाच्या रसासारखं होतं. तेच विहिरीत ओतायचं. अर्धा तास विहिरीचं पाणी गुलाबी राहिलं, तर मात्रा बरोबर बसली. रात्रभरात रंग उतरतो आणि पाणी पिण्याजोगं होतं. महेबूबला या कामाचा अभिमान होता. बाप कापड रंगवतो, आपण पाणी रंगवतो आणि माणसं जगवतो, असं तो घरी सांगायचा.

फसली तेराशे पन्नासचं साल, म्हणजे इंग्रजी १९४०ची अखेर. दत्तजयंतीला माहूरला गेलेली एक बैलगाडी कासारबोरीला परत आली, ती पटकी घेऊनच. कासार आळीतली एक म्हातारी बुधवारी गेली. तिची सून अंथरुणावर होती. गुरुवारी सकाळी महेबूब आपला चपराशी मलप्पा याच्यासह गावात आला. मलप्पा उदगीरकडचा, वयानं बापासारखा. दवेची पेटी डोक्यावर आणि तोंडाला अखंड बडबड.

कासाराच्या दारात म्हातारीचा मुलगा कपड्यांचं गाठोडं घेऊन उभा होता.

"हे जाळा," महेबूब म्हणाला. शिक्षणात तसंच सांगितलं होतं.

मुलानं गाठोड्यातून एक लुगडं थोडं बाहेर ओढलं. नवंच होतं ते, माहूरला नेसायला म्हणून घेतलेलं. "साहेब, बायकोला दुसरं न्हाई. आईचं म्हनून तेवढं राहू द्या."

महेबूबनं त्या लुगड्याचा रंग ओळखला. असा पक्का डाळिंबी रंग चढवायला बापाला तीन दिवस लागायचे. तो विरघळला. "बरं. पण गावातल्या एकाही विहिरीवर हे धुवायचं नाही. गावाबाहेर न्या, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात. आजारी बाईचेही कपडे तिकडंच."

"तुमचा हुकूम, साहेब," म्हणत मुलगा लगेच निघाला.

मग विहिरी. कासारबोरीत पिण्याच्या नऊ विहिरी होत्या. सहा झाल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सातवी तुळजाबाई माळणीच्या मळ्यातली. मळा गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. त्या कडेची दहा-बारा घरं तिच्याच विहिरीचं पाणी भरायची. तुळजाबाई पन्नाशीची विधवा, आवाज खणखणीत. येळवस एका दिवसावर आली होती, मध्ये फक्त शुक्रवारचा बाजार. काठावर मेथीच्या आणि कांद्याच्या पातीच्या जुड्यांचा ढीग पडला होता, मुळांना चिकटलेल्या काळ्या मातीसकट.

"दारोगासाहेब, पाया पडते, दिवस मावळंस्तोर थांबा," ती म्हणाली. "येवढी भाजी धुऊन घेते. मंग तुमी ती शाई ओता न्हाई तर काय बी ओता."

"शाई नाही मावशी, दवा आहे. अजून दोन विहिरी बाकी आहेत. अंधार पडला तर रंग दिसत नाही, मात्रा कळत नाही."

"मंग त्या दोन आदुगर करा की. माजी हीर कुटं पळून चालली का?"

मलप्पा हसला. "सायेब, बाई बराबर बोलून राहिली. इकडं शेवटी येऊ."

त्या दोन विहिरी गावाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. पुन्हा इकडं यायचं म्हणजे एक कोस जास्त. महेबूब सकाळपासून उपाशी होता, आणि एका दिवसात नऊ विहिरी झाल्याचं कळवलं की तालुक्याला साहेब शाबासकी देतील, हेही त्याच्या मनात होतं. त्यानं बादली ओतली. पाणी गुलाबी झालं.

"आता या विहिरीला हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि निघाला.

तुळजाबाईनं मागून काहीतरी विचारलं. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नंतर त्याला दोन्हींतलं कुठलं खरं, ते नक्की आठवेना.

शनिवारी येळवस. या मुलखात मार्गशीर्ष अमावास्येला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा, मडक्यात आंबील, बाजरीचे उंडे, नाना डाळींची आणि पाल्यांची भज्जी. ज्याचं शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात आवतण. महेबूबही दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायचा. यंदा तो तालुक्याला होता.

रविवारी दुपारी कासारबोरीहून माणूस आला, घोड्यावरून. एकवीस घरांत माणसं पडली होती.

महेबूब पोचला तेव्हा चावडीसमोर गर्दी होती. अमृतराव पाटील ओट्यावर बसले होते. त्यांचा पुतण्या सकाळीच गेला होता. त्यांनी महेबूबला बसा म्हटलं नाही.

"या दारोगा. गुरुवारी तुम्ही विहिरी लाल केल्या. शनिवारी माणसं पडायला लागली. आता तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं?"

"पाटीलसाहेब, दवेनं हैजा होत नाही. दवेनं हैजा मरतो."

"म्हाताऱ्या कासारणीला झाला तेव्हा एक मयत होती. दवा आली, चार झाल्या."

गर्दीतून आवाज आला, "सरकारला गाव रिकामं करायचं हाय!" दुसरा म्हणाला, "हिरी उपसा! आत्ता उपसा!"

महेबूबला पुढचं सगळं दिसलं. विहिरी उपसल्या तर आज इथली दवा जाईल, उद्या ही गोष्ट चाळीस गावांत पोचेल आणि पुढं कुठलीच विहीर त्याला हात लावू देणार नाही. माहूरहून आलेल्या गाड्या काही एकाच गावात गेल्या नव्हत्या.

"मला मंगळवार दुपारपर्यंत मुदत द्या," तो म्हणाला. "हैजा कुठून आला ते शोधून, इथंच सगळ्यांसमोर सांगतो. दवा गुन्हेगार निघाली तर मी स्वतः दोर धरून विहीर उपशीन."

पाटलांनी हात वर करून गर्दीला थांबवलं. "मंगळवार, दुपार. त्यापुढं एक घटका नाही. आणि जे निघेल ते सगळं सांगायचं. अर्धं नाही."

महेबूब आणि मलप्पा घराघरांत फिरले. एका हातानं कापराचा अर्क द्यायचा, सुई टोचायची, आणि दुसऱ्या हातानं लिहायचं: कोण पडलं, पाणी कुठलं, जेवलं काय. पहिल्याच दिवशी एक गोष्ट त्याच्या बाजूची निघाली. तीन घरं शेतातल्या आडाचं पाणी पीत होती, त्या आडांना दवा लागलीच नव्हती. तिथंही माणसं पडली होती. म्हणजे पाण्यातून नाही. मग जेवणातून. पण येळवशीला सगळं गाव तेच जेवतं! एकवीस घरांत हैजा आणि शंभर घरं धडधाकट, हे कसं?

लोकांनी आंबिलीवर बोट ठेवलं. आंबील आंबट, तीन दिवसांची, मडक्यातली. महेबूबलाही तेच वाटायला लागलं होतं. त्याला अडवलं ते दत्तोपंत मास्तरांनी.

दत्तोपंत शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी उलटलेली. त्यांच्या घरात सहा माणसं. पाच आडवी. मास्तर एकटे पळीनं सगळ्यांना पाणी पाजत होते, धोतराचा सोगा खोचून.

"मास्तर, तुम्ही शेतात गेला नव्हता?"

"गेलो होतो की. जेवलोही पोटभर."

"आंबील घेतली?"

"दोन वाट्या. भज्जी घेतली. उंडा आंबिलीत कुस्करून खाल्ला." बोलताना मास्तरांची हनुवटी नाकाला भेटत होती. त्यांच्या तोंडात एक दात नव्हता. "दारोगा, देवाचा न्याय उलटा झाला बघा. माझ्यासारखं पिकलं पान जागच्या जागी, आणि हिरवी पानं गळायला लागली."

बाहेर आल्यावर मलप्पा म्हणाला, "शिवशिवा! मास्तर म्हंतेत ते खरं हाय सायेब. त्या तेल्याच्या घरात बी म्हातारीच टुणटुणीत. सोनाराकडं बी. या टायमाला मरीआईनं बोळक्या तोंडाची मानसं सोडून दिली. माजे बी दात पाडून घ्यावे म्हनतो."

महेबूब चालता चालता थांबला.

"मलप्पा, काय म्हणालात?"

"चेष्टा केली, सायेब."

"नाही. पुन्हा म्हणा."

हैजा आला की आधी म्हातारी आणि पोरं जातात, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं आणि तीन साथींत डोळ्यांनी पाहिलं होतं. इथं म्हातारी वाचली होती. सगळी नव्हे. ज्यांना दात होते ती पडली होती. ज्यांना नव्हते ती वाचली. म्हणजे जे चावायला लागतं ते त्यांनी खाल्लं नाही. आंबील चावायला लागत नाही. भज्जी शिजून मऊ असते.

तो तसाच मास्तरांच्या घरात परत गेला. "मास्तर, ताटात होतं पण तुम्ही खाल्लं नाही, असं काय होतं?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. "घोळाणा. मला फार आवडायचा एके काळी. आता काय, नुसतं पाहायचं."

घोळाणा! कोवळी मेथी आणि कांद्याची पात बारीक चिरायची, वर शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ, तेल. विस्तवाचा संबंध नाही. भाकरीबरोबर कच्चाच कराकरा चावून खायचा. येळवशीच्या ताटात त्याच्याशिवाय मजा नाही. महेबूबही आवडीनं खायचा. तालुक्याला नसता, तर यंदाही खाल्ला असता.

सोमवारभर त्यानं एकच प्रश्न विचारला, भाजी कुठली? ज्यांनी स्वतःच्या शेतातली खुडली ती घरं बरी होती. पडलेल्या घरांतली सगळी बाजारातून आणलेली. बाजारात चार जणी भाजी विकतात. कुणाकडून घेतली, ते तापलेल्या आणि रडणाऱ्या घरांत कुणाला धड आठवत नव्हतं. तेव्हा तो उकिरड्याकडं वळला. भाजी निवडली की देठ आणि जुडीचा बंध उकिरड्यावर जातो. बाकीच्या तिघी अंबाडीच्या सुतळीनं जुडी बांधतात. चौथी केळीच्या सोपटानं, खोडाच्या सालीच्या पट्टीनं, बांधते, कारण तिच्या विहिरीच्या पाटावर पाच-सहा केळी आहेत. गावात दुसरीकडं केळ नाही.

पहिल्या उकिरड्यात सोपट. दुसऱ्यात सोपट. एकविसातल्या सोळा उकिरड्यांत सुकलेलं, पिवळं पडलेलं सोपट मिळालं. मलप्पानं शेवटचं काठीनं उचललं आणि तुळजाबाईच्या मळ्याकडं बघितलं.

तुळजाबाई मळ्यात नव्हती. ती तिच्या लेकीच्या घरी होती. लेक इंदू गावातच दिलेली, तीही पडली होती. तुळजाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"वाचंल का वो साहेब?"

महेबूबनं नाडी पाहिली. बारीक होती, पण होती. "पाणी पोटात ठरतंय का?"

"सकाळधरनं ठरून राहिलं."

"मग वाचेल." त्यानं सुईची पेटी मिटली. विचारायचं जिवावर आलं होतं. "मावशी, येळवशीची भाजी तुम्ही कुठं धुतली?"

तिनं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. "वढ्यात. हिरीत तर तुमी रंग केला. एक जुडी बुडवून बगितली, शेंडे तांबडे-काळे पडले, करपल्यागत. असली भाजी देवाच्या निवदाला कोन घील? मंग पाट्या भरल्या आन् वढ्याच्या डव्हात नेल्या. रातभर वल्ल्या पोत्याखाली ठिवल्या, सकाळी बाजार केला. इंदीला मी फुकट चार जुड्या दिल्या. लई आवडतो तिला घोळाना."

डोह. त्याच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, गुरुवारी दुपारी कासाराच्या पोरानं ते डाळिंबी लुगडं धुतलं होतं. सुनेच्या गोधड्याही धुतल्या होत्या. डिसेंबरातला ओढा, वाहतो म्हणायला वाहतो. वरची घाण डोहात येऊन थांबते.

कपडे ओढ्यावर पाठवले महेबूबनं. भाजी ओढ्यावर पाठवली महेबूबनं. विहिरींना रंग द्यायचा आणि ओढा स्वच्छ समजायचा, हेही त्याचंच. रंगाऱ्याच्या पोटी जन्मून, लाल पाण्यात हिरवं पान बुडवल्यावर काय होतं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बापानं सांगितलेली एकच गोष्ट, आणि तीच तो विसरला होता.

"काय झालं साहेब? तोंड का असं केलंत?" तुळजाबाईनं विचारलं.

त्यानं सांगितलं. अर्धं ऐकून तिनं इंदूच्या कपाळावरचा हात काढून घेतला आणि स्वतःच्या पदरात गुंडाळला. जणू तो हात कुणाला लागू नये.

मंगळवारी सकाळी चावडीकडं निघताना मलप्पा कोटाची बाही धरून म्हणाला, "सायेब, मी अडानी मानूस. पन आइका. भाजी माळनीची व्हती, वढ्यात धुतली, हे खरं हाय. तेवढं बोला. दवा सुटली, तुमी सुटले."

"आणि ती?"

"ती बाईमानूस. चार दिस लोक शिव्या देतील, इसरतील."

"आता सात मयती झाल्यात. त्या विसरत नसतात, मलप्पा."

"मंग खरं सगळं सांगा आन् बघा काय व्हतं ते! लोक येवढंच धरतील, की दवेमुळं झालं. हिरी उपसतील. पुढच्या गावात तुमाला शिरू देनार न्हाईत. तितं किती मरतील, ते बी धरा हिशोबात."

हे काही खोटं नव्हतं. महेबूब रात्रभर तेच उलटंपालटं करत राहिला होता. सगळं बोललो तर दवा जाते, आणि दवेबरोबर उद्याची माणसं. अर्धं बोललो तर तुळजाबाई जाते. आणि ती तर थांबा म्हणाली होती. पाया पडते म्हणाली होती.

चावडीसमोर सगळं गाव होतं. तुळजाबाई एका बाजूला, खांबाला टेकून. कुणीतरी तिला बोलावून आणलं होतं. सोपटाची बातमी फुटली होती.

महेबूबनं दातांची गोष्ट सांगितली, घोळाण्याची सांगितली, ओढ्याची सांगितली. सोपटाचं नाव निघालं तशा माना खांबाकडं वळल्या. एक बाई किंचाळली, "रांडं, माझा ल्योक खाल्लास!"

"थांबा," महेबूब म्हणाला. "पाटीलसाहेबांनी सगळं सांगायला सांगितलंय. माझं संपलेलं नाही. कासाराचे कपडे जाळायचे होते. ओढ्यावर न्या असं मी सांगितलं. भाजी धुईपर्यंत थांबा, असं ही बाई मला म्हणाली होती. मी थांबलो नाही. विहिरीला हात लावू नका म्हणालो आणि कधीपर्यंत ते सांगितलं नाही. तिनं माझा हुकूम पाळला. कासारानंही माझा हुकूम पाळला. गुन्हा कुणाचा विचाराल, तर माझा आहे. दवेचा नाही, माझा."

अमृतराव पाटील उठले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. "दारोगा, तुम्ही मर्दासारखं बोललात. पण एक सांगा. विहिरी लाल झाल्या नसत्या, तर तिनं भाजी ओढ्यात नेली असती का?"

"नाही."

"झालं तर मग."

मलप्पा म्हणाला होता तसंच झालं. त्या दुपारी आठ विहिरी उपसल्या गेल्या. महेबूबनं वचनाप्रमाणं पहिल्या विहिरीचा दोर स्वतः धरला. पाण्यात दवेचा मागमूस उरला नव्हता. बादलीतून वर येत होतं ते निवळशंख, गोड पाणी. ते त्यानं गटारात ओतलं. बादली पुन्हा खाली सोडली, पुन्हा ओतली. तळहात सोलवटले तेव्हा पाटलांनीच त्याच्या हातातून दोर काढून घेतला.

राहिलेली विहीर तुळजाबाईची. तिथं ती काठावर बसून राहिली आणि तिनं कुणाला दोर सोडू दिला नाही. माणसं तिला वाटेल ते बोलली. एकानं केळी तोडली. ती जागची हलली नाही. शेवटी दिवस मावळतीला लोक पांगले. महेबूब बाजूला उभा होता.

"साहेब," ती त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "ते लाल पानी निवळायला किती येळ लागतो?"

"एक रात्र."

"म्हंजी शुक्रवारी सकाळी माजी हीर निवळलेली व्हती?"

"हो."

"आन् बाजार तर ऊन वर आल्यावर भरतो." ती विहिरीत बघत होती. "सकाळी धुतली असती की मी. हितंच. मागून इचारलं बी व्हतं मी तुमाला, कधीपत्तूर म्हनून. येवढंच सांगायचं व्हतं साहेब. येवढंच?"

ती उठली आणि लेकीकडं निघून गेली.

इंदू वाचली. कासाराच्या सुनेचे कपडे महेबूबनं स्वतः उभं राहून उकळवले, आणि पुढच्या आठ दिवसांत कासारबोरीत नवं माणूस पडलं नाही. त्याचं श्रेय गावानं वेशीबाहेर लोटलेल्या मरीआईच्या गाड्याला दिलं. शेजारच्या दोन गावांत मात्र दारोगाला वेशीतच अडवलं. त्यांतल्या एका गावात त्या महिन्यात पाच माणसं गेली. ती कुणाच्या नावावर मांडायची, हे महेबूबला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

तुळजाबाईची मेथी पुन्हा कुणी घेतली नाही. उभे वाफे तिनं बैलांना चारले आणि त्या जागी हळद लावली. हळद उकडल्याशिवाय कुणी वापरत नाही, एवढंच ती सांगायची.

दारोगाला गावं पुन्हा उघडायला तीन-चार वर्षं लागली. तोवर तो नुसता विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा, बायकांना विचारत, की भाजी कधी धुता, कपडे कधी, बाजार कोणत्या वारी, सण कोणता जवळ आलाय. उत्तरं पाठ झाली, मग हळूहळू हाळी आली आणि तिच्यापाठोपाठ ते नाव.

बऱ्याच वर्षांनी, नवं सरकार आल्यावर, पुन्हा माहूरच्या गाड्या परतत असताना तो कासारबोरीच्या त्या सातव्या विहिरीवर आला. मलप्पा आता राहिला नव्हता. पेटी महेबूब स्वतःच वाहत होता. दिवस कलला होता आणि आणखी दोन विहिरी बाकी होत्या. काठावर तुळजाबाई होती, कंबरेत वाकलेली. इंदूची पोरगी हळदीच्या गड्ड्यांवरची माती धुवत होती.

"कुणाचं काही धुवायचं राहिलंय का?" त्यानं हाळी दिली.

म्हातारीनं वर पाहिलं. ओळख दाखवली नाही.

"राहिलंय," ती म्हणाली. "दोन पाट्या हायेत."

महेबूबनं पुडी खिशात घातली आणि काठावर बसला. पोरगी घाईघाईनं हात चालवायला लागली, तशी म्हातारी तिला म्हणाली, "सावकास धू. साहेब बसलेत."